सवतीसाठी चादर

त्या दुपारी कुणाशी बोलायचं नाही असं ठरवून मी बोटीवर चढलो. फळीवर पाय ठेवला आणि मेहुण्याने मला बोलायला लावलं.

"दाजी, पाहुण्यांसमोर असलं तोंड घेऊन उभे राहिलात तर त्यांना वाटेल बोट बुडायला निघालीय."

"बुडत नाही ती. तुमच्या भाच्याने विकायला काढलीय."

"विकतंय कोण? नुसती नटवणार आहेत तिला. या वयात नटायला मिळतंय, नशीब लागतं त्याला."

हा मेहुणा म्हणजे हिचा पाठचा भाऊ. बोटीचं इंजिन पहिल्यापासून त्याच्याच हाती. मुलं मामा म्हणतात, म्हणून सगळा धक्का त्याला मामाच म्हणतो. काही झालं तरी मी तुमच्या बाजूने, असा शब्द त्याने सकाळीच मला दिला होता. दुपारी आला तो दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून. इंजिनाच्या खोलीत इस्त्रीचा शर्ट घालून उतरणारा माणूस कुणाच्या बाजूने असतो, ते मला कळतं.

ही बोट माझ्या वडिलांनी बांधून घेतली. पोट मोठं, चाल हळू. सिमेंट, कौलं, मीठ, पेंड, शाळेची बाकं, जे म्हणाल ते तिने बेटांवर नेलं. आज बेटांवर जी जुनी घरं दिसतात त्यांतल्या निम्म्यांच्या डोक्यावरची कौलं आमच्या बोटीतून गेलेली आहेत. माझं लग्न झालं तेव्हा मी दिवसभर बोटीवर आणि संध्याकाळीही बोटीवरच. ही एकदा म्हणाली, "जेवायला घरी येणार की सवतीकडेच?" तेव्हापासून घरात बोटीचं नाव सवत. थोरल्याने शाळेत मास्तरांना सांगितलं होतं, बाबा सवतीला रंग लावायला गेलेत. मास्तरांनी हिला शाळेत बोलावून घेतलं होतं. ही हसत हसत घरी आली होती.

मग पलीकडे मोठं बंदर झालं. पत्र्याचे मोठमोठे डबे क्रेन उचलते आणि थेट ट्रकवर ठेवते, मध्ये माणसाचा हात लागत नाही. बेटांना पूल झाला. सिमेंट ट्रकने जायला लागलं. आमच्या धक्क्यावरच्या मालबोटी एक एक करून गेल्या. काही मोडीत, काही नुसत्या चिखलात. सवत तेवढी पाण्यावर राहिली, कारण मी तिला चिखलात जाऊ दिलं नाही. माल मात्र तिच्यात नव्हता.

आता त्याच मोठ्या बंदरात पाहुण्यांची जहाजं लागतात. माणसं सकाळी उतरतात, संध्याकाळी परत चढतात. मधल्या वेळात त्यांना काहीतरी जुनं बघायचं असतं. आमच्याकडे जुनं भरपूर आहे, हे थोरल्याच्या लक्षात आलं. थोरला परदेशी जहाजांवर इंजिनात होता. कंपनीने जहाज विकलं आणि सगळी माणसं घरी धाडली. वर्ष उलटलं, त्याला परत बोलावणं आलं नाही. एका हॉटेलवाल्याला त्याने गाठलं. सवतीचं पोट फळ्या टाकून बंद करायचं, वर खुर्च्या मांडायच्या, छप्पर टाकायचं आणि पाहुण्यांना फिरवायचं, असं ठरत आलं होतं. बोट माझ्या नावावर. मी हो म्हणत नव्हतो, म्हणून सगळं अडलं होतं. हिला जाऊन वर्ष व्हायचं होतं अजून, आणि हा बोटीचं पोट बंद करायला निघाला होता.

हॉटेलवाला त्या दिवशी चार पाहुणे घेऊन आला. एक फेरी मारायची, बोट बघायची आणि संध्याकाळी आमच्या घरी चहा घेताना मी उत्तर द्यायचं. नाही म्हटलं तर तो दुसरी बोट घेणार होता. हे त्याने गोड बोलून, पण स्पष्ट सांगितलं होतं.

मुलगीही आली होती. ती मोठ्या बंदराच्या ऑफिसात कामाला आहे. चढताच ती माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाली, "बाबा, तुम्ही नाहीच म्हणा."

मला बरं वाटलं. पण ते क्षणभरच.

"नाही म्हणा आणि मोडीत काढा. दादाला या फंदात पाडू नका. मी रोज बघते तिथे. जहाज आलं तर गर्दी, नाही आलं तर टॅक्सीवालेही माश्या मारत बसतात. कुठल्या तरी देशात कुणीतरी ठरवणार की यंदा तिकडे जायचं नाही, आणि इकडे आपल्या चुली थंड."

"पूर्वी तरी काय वेगळं होतं?" थोरल्याने ऐकलं होतं. "सिमेंटचा भाव पडला की आपण बसूनच असायचो ना?"

"सिमेंट लोकांना लागतं दादा. खुर्चीत बसून समुद्र बघणं कुणाला लागत नाही."

"माझं जहाज विकलं तेव्हा मी तुला विचारलं होतं, ऑफिसात काही काम आहे का."

"मी प्रयत्न केला होता."

"हो. माहीत आहे मला. म्हणून तर हे करतोय."

मी सुकाणू धरलं, मामाने इंजिन चालू केलं आणि आम्ही निघालो.

पुढचं थोरल्याच्या बाजूने सांगतो, कारण ते त्याने मला नंतर सगळं सांगितलं. पाहुण्यांना काय काय सांगायचं ते त्याने पाठ केलं होतं, आणि पहिल्याच प्रश्नाला पाठ केलेलं सगळं सांडलं. तो मधूनमधून माझ्या हातांकडे बघत होता. मी सुकाणू सैल धरलं की त्याला वाटे, बाबा हो म्हणणार. मी घट्ट धरलं की वाटे, नाही म्हणणार. त्याने स्वतःच्या मुलीच्या कॉलेजची फी बायकोच्या माहेरून आणली होती. हे आम्हाला कुणाला माहीत नव्हतं.

एका पाहुणीने पोटात वाकून विचारलं, "यात काय भरायचात तुम्ही?"

"सिमेंट," थोरला म्हणाला.

बाईचा चेहरा उतरला. तिने कॅमेरा खाली केला.

तेवढ्यात इंजिनाच्या खोलीतून आवाज आला, "मसाले! मसाले आणि रेशीम!"

"मामा, कधी भरलं होतं रेशीम?"

"तुला आठवत नसेल. तू लहान होतास."

बाईने पुन्हा कॅमेरा उचलला. माझी मुलगी तोंडाला रुमाल लावून हसली. थोरल्याला वाटलं, बहीण हसली म्हणजे अर्धं काम झालं. मला वाटलं, मामा गेला. माझ्या बाजूला आता मी एकटा.

इकडे घरी धाकटी सून होती. धाकटा जहाजावर गेलाय, तो इतक्यात यायचा नाही. ही पोरगी लग्न होऊन आली ती माझी बायको गेल्यावर, त्यामुळे सासू तिने फोटोतच पाहिलेली. आमच्या घरात कुठली वस्तू का आहे ते तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. सांगायला जी होती, ती नव्हती.

पाहुणे येणार म्हणून तिने सकाळीच बाहेरची खोली आवरली. दिवाणावर टाकायला धड चादर सापडेना. सगळ्या चादरी चुरगळलेल्या, बोचक्यासारख्या कोंबलेल्या. शेवटी खालच्या ट्रंकेत तिला एक निळी, मोठ्या चौकड्यांची चादर मिळाली. जाडजूड, जुनी, पण कुठे फाटलेली नाही. एवढी चांगली चादर ट्रंकेत का ठेवलीय, असं तिला वाटलं. वास येत होता म्हणून तिने ती धुतली. गच्चीवर समुद्राच्या बाजूला एक जुनी तार होती, तिच्यावर वारा चांगला लागतो म्हणून तिथेच वाळत घातली आणि चहाचं बघायला खाली गेली.

बोट परतताना आम्ही टेकाडाला वळसा घातला.

आता चादरीचं सांगायला हवं. आमचा धक्का टेकाडाच्या आड आहे. बाहेरून येणाऱ्या बोटीला तो दिसत नाही. ओहोटीला आत शिरलं आणि धक्क्यावर आधीच दुसरी बोट असली, तर वळायला जागा उरत नाही. माझ्या वडिलांनी एकदा असंच आत शिरून दोन बोटींची लाकडं फोडली होती. आमचं घर मात्र चढावर आहे. गच्चीवरून धक्काही दिसतो आणि बाहेरचं पाणीही. लग्नानंतर काही दिवसांतच हिने ते ओळखलं. धक्का भरलेला असेल तर ती निळी चादर तारेवर टाकायची. चादर आहे तोवर आम्ही बाहेर नांगर टाकून थांबायचं. चादर निघाली की आत यायचं. पुढे फोन आले तरी तिने चादर सोडली नाही. म्हणायची, फोन लागत नाही, चादर लागते.

टेकाड मागे पडलं आणि समोर गच्ची दिसली. तारेवर निळी चादर.

मी सुकाणू फिरवलं. विचार केला नाही. बोटीचं तोंड प्रवाहाकडे वळवलं आणि इंजिन मंद करायला मामाला सांगणाऱ्या घंटेच्या दोरीला हात घातला, पण मी ओढायच्या आतच इंजिन मंद झालं. मामा दारात उभा राहून पाहुण्यांना काहीतरी सांगत होता, त्याने चादर बघितली होती आणि शब्द अर्धा टाकून तो खाली गेला होता. थोरला हॉटेलवाल्याला जेवणाची टेबलं कुठे बसतील ते दाखवत होता. त्याने दाखवणारा हात खाली घेतला, पुढे गेला आणि नांगर सोडला. मुलीने पाहुण्या बाईला दंडाला धरून बाजूला केलं. "साखळीपासून पाय काढा."

साखळी खडखडत गेली आणि थांबली. बोट ओढ घेऊन स्थिर झाली. इंजिन बंद झालं.

मग आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"काय झालं?" हॉटेलवाल्याने विचारलं. "का थांबलो?"

"धक्का रिकामा नाही," थोरला म्हणाला.

"तुम्हाला इथून कसं कळलं?"

"आईने..." आणि तो तिथेच अडकला.

"फोन आला का त्यांचा?"

त्या बिचाऱ्याला माहीत नव्हतं. मुलगी तोंड फिरवून पाण्याकडे बघत राहिली. मामा खालून वर आला, इस्त्रीच्या शर्टाला तेलाचा डाग पडला होता, त्यानेच तोंड पुसत म्हणाला, "असंच असतं आमचं. बसा तुम्ही निवांत."

पाहुणे बसले. ऊन उतरत होतं. इंजिनाचा आवाज गेल्यावर पाण्याचा आवाज यायला लागला.

मुलीने पर्समधून फोन काढला. "धाकटीने घातली असणार. सांगते तिला काढायला."

"नको," मी म्हटलं.

"बाबा, धक्का रिकामा आहे. आपल्या धक्क्याला आता येतंय कोण?"

"रिकामाच असेल."

"मग?"

"चादर वर आहे."

तिने माझ्याकडे पाहिलं आणि फोन परत ठेवला. सुकाणूच्या बाजूला एक पेटी असते, लहानपणी ती त्याच पेटीवर बसायची. त्या दिवशीही तिथेच बसली, ऑफिसची चांगली साडी असूनसुद्धा.

"एक सांगू?" ती म्हणाली. "रागावू नका."

"सांग."

"धक्का रिकामा झाला तरी आई कधीकधी चादर काढायची नाही."

"म्हणजे?"

"स्वयंपाक व्हायचा राहिलेला असायचा. मी वर पळायची चादर काढायला, तर ती म्हणायची, थांब गं, राहू दे सवतीला जरा उन्हात उभी."

मी मामाकडे पाहिलं. मामा आकाशाकडे बघत होता.

"तुम्हाला माहीत होतं?"

"एकदा मी आजारी पडून घरी होतो ना, तेव्हा बघितलं. त्या दिवशी तिचे केस वाळायचे होते. म्हणाली, असं ओल्या केसांनी कसं जाऊ समोर. तुम्ही बाहेर नांगर टाकून धक्क्यावरच्यांना शिव्या घालत असाल, आणि इकडे ही फणी फिरवतेय."

"आणि तुम्ही मला बोलला नाहीत?"

"बहीण माझी होती, दाजी. बोट तुमची होती."

इतकी वर्षं मी त्या पाण्यात उभा राहून धक्क्यावरच्या माणसांना नावं ठेवली. काही वेळा तिथे कुणी नसेलच. फक्त ही असेल, केस वाळवत. मला हसू आलं. हसू आलं ते थांबेना, आणि मग ते हसू राहिलं नाही. मी पाठ फिरवून उभा राहिलो. मुलीने माझ्या सदऱ्याची कड धरली, लहानपणी धरायची तशी.

घरी धाकटीने चार वेळा चहाचं आधण उतरवलं आणि चढवलं. बोट दिसत होती, पण येत नव्हती. इंजिन बिघडलं असेल का, फोन करावा का, असं करत ती शेवटी वर गेली. चादर वाळली होती. तिने ती तारेवरून ओढून काढली, आणि तिने मला नंतर सांगितलं, "बाबा, मी चादर काढली आणि तुमची बोट हलली." ती चादर छातीशी धरून तिथेच उभी राहिली. तिने एकदा तारेकडे पाहिलं, एकदा पाण्याकडे, आणि तिला एकदम कसंतरी झालं.

चहाला सगळे घरी आले. दिवाण तसाच उघडा होता. धाकटीने चादर खुर्चीच्या पाठीवर टाकली होती आणि तिच्याकडे बघायचं टाळत कप मांडत होती.

हॉटेलवाला मात्र भलताच खूश होता. वाटेत पाहुण्यांनी मामाकडून सगळी गोष्ट काढून घेतली होती, आणि मामाला गोष्ट सांगायला लागलं की थांबता येत नाही.

"हेच पाहिजे होतं मला," हॉटेलवाला म्हणाला. "नुसती बोट काय, कुठेही मिळेल. पण रोज संध्याकाळी अशी थांबायची, वर चादर, मग सूनबाई चादर काढणार, मग बोट आत. पाहुणे रडतील, साहेब. आज रडलेच की ते."

मी थोरल्याकडे पाहिलं. आता हा हो म्हणणार, असं मला वाटलं. त्याला काम हवं होतं, आणि काम समोर बसून चहात बिस्किट बुडवत होतं.

"चादर नाही मिळायची," थोरला म्हणाला.

"अहो, हीच हवी असं कुठे म्हणतोय? हॉटेलात ढीग पडलाय. मी देतो ना चादरी."

"मग त्या तुमच्या गच्चीवर वाळत घाला," मुलगी म्हणाली.

"तू थांब गं." थोरल्याने कप खाली ठेवला. "बोट तुम्हाला द्यायला मी तयार आहे. रंगवा, सजवा, काय वाटेल ते करा. पण आईची चादर रोज लावायची आणि रोज काढायची, त्यावर लोकांनी टाळ्या वाजवायच्या, हे नाही होणार. चालत नसेल तर दुसरी बोट बघा."

मामाने डोळे मिटले. धाकटी कप हातात धरून जागच्या जागी उभी राहिली. थोरल्याच्या कपाळावर घाम आला होता. वर्षभर तो ज्याच्या मागे लागला होता ते त्याने स्वतःच्या तोंडाने घालवलं होतं, आणि तरी तो हॉटेलवाल्याकडे सरळ बघत होता. हिचं बघणं असंच असायचं.

"बोट घ्या," मी म्हटलं.

सगळ्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं.

"पोट बंद करा, खुर्च्या टाका. सुकाणूवर थोरला राहील, इंजिनावर मामा. चादर घरात राहील. जमत असेल तर बघा."

हॉटेलवाल्याने बिस्किटाचा चहात पडलेला तुकडा चमच्याने काढला. बराच वेळ तेच करत होता. मग म्हणाला, "थांबायचं तरी ठेवाल ना? टेकाडापाशी? पाच मिनिटं?"

"थांबू," थोरला म्हणाला. "इंजिन बंद करून थांबू. सांगायचं काही नाही."

"आणि कुणी विचारलं की पूर्वी काय भरायचात," मी म्हटलं, "तर सिमेंट सांगायचं."

"सिमेंट," मामा म्हणाला. "आणि अगदी थोडे मसाले."

पाहुणे गेले. मुलगी जाताना थोरल्याशी दारात काहीतरी बोलली. माश्या, टॅक्सीवाले, असं काहीबाही माझ्या कानावर आलं, पण आवाज भांडणाचा नव्हता. धाकटी कप गोळा करत माझ्याजवळ आली.

"बाबा, मला माहीत नव्हतं. पुन्हा नाही घालणार तिथे."

"का? वारा तिथेच लागतो. धुतलेलं दुसरीकडे कुठे वाळत घालणार? घाल तू."

ती आत गेली. मी खुर्चीवरची चादर उचलली. ती मोठी आहे, एकट्याने घडी होत नाही. ही गेल्यापासून घरातल्या सगळ्या चादरी मी तशाच गोळा करून कोंबत आलो होतो. थोरला दारातून परत आला, मला बघून थांबला, आणि न विचारता त्याने दुसरी दोन टोकं धरली. आम्ही ताणली, झटकली, मग तो माझ्याकडे चालत आला आणि त्याची टोकं माझ्या हातात दिली. ही आणि मी करायचो तसं. पुन्हा मागे गेला, पुन्हा जवळ आला.

घडी वाकडी झाली. कडेला कड लागली नव्हती.

"आईने परत उलगडायला लावली असती," थोरला म्हणाला.

"लावलीच असती."

"मग?"

मी माझी टोकं धरून ठेवली आणि त्याला म्हटलं, "जा मागे."